शिकायची आपली रीत कशी शोधायची: घरच्या घरी करायचा महिनाभराचा प्रयोग

गावच्या अभ्यासिकेत पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोट्ट्यांना विचारा, की कसं शिकलं म्हणजे तुमच्या लक्षात राहतं. एक म्हणेल, ‘मले वाचून नाही समजत, यूट्यूबवर पाहिलं का डोक्यात बसते.’ दुसरा म्हणेल, ‘मले तं लिहूनच काढा लागते.’ तिसऱ्याला चार जण मिळून बसल्याशिवाय गोडीच लागत नाही. तिघेही मनापासून सांगतात, पण तपासलेलं कुणीच नसतं. जे आवडतं तेच लक्षात राहतं, असं आपण धरून चालतो, आणि गोची तिथंच होते.

त्यामुळे आवड एका बाजूला ठेवून लक्षात काय राहतं ते मोजायचं. त्यासाठी लागेल एक शंभर पानी वही, घड्याळ असलेला कोणताही मोबाईल आणि प्रश्न विचारायला घरातलं कुणीतरी. शिकवणी लावायची गरज नाही.

आधी त्या चार प्रकारांचं बघू

डोळ्यांनी शिकणारे, कानांनी शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि हातांनी करून शिकणारे, ही वाटणी तुम्ही कुठेतरी ऐकली असेल. न्यूझीलंडमधले नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये तिची प्रश्नावली तयार केली. आधी ते शाळा तपासनीस होते. वाटणी सुटसुटीत होती, शिक्षकांना पटली आणि जगभर गेली. पण ती एकटी नव्हती. ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ साली अशा पद्धतींची मोजदाद केली, तेव्हा ७१ निघाल्या.

मग २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी एक साधी अट घातली. हे प्रकार खरे असतील तर ‘डोळ्यांनी शिकणाऱ्यांना’ चित्रांतून जास्त मार्क मिळायला हवेत, ‘कानांनी शिकणाऱ्यांना’ तोच धडा ऐकून जास्त मिळायला हवेत, आणि परीक्षा दोघांची एकच हवी. या अटीत बसणारे अभ्यास मोजकेच सापडले आणि त्यांतून दाव्याला आधार मिळाला नाही. २०१५ साली अमेरिकेत काही प्रौढांना एकाच पुस्तकाचा मजकूर कुणाला ऐकवला, कुणाला वाचायला दिला. ऐकण्याची आवड असलेल्यांना ऐकून जास्त समजलं, असं काही दिसलं नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर अमरावती जिल्ह्यातल्या माधानचे गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) तान्हेपणीच अंध झाले. दुसऱ्यांकडून वाचून घेत ते शिकले आणि शंभराहून अधिक ग्रंथ मागे ठेवून गेले. कानांनी केवढं शिकता येतं याला आणखी दाखला नको. पण ते मुळात ‘कानांनी शिकणारे’ होते म्हणून असं झालं असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे वाट तीच एक होती, आणि ती त्यांनी शेवटपर्यंत नेली.

जाता जाता एक. बोटांचे ठसे घेऊन मुलाचा शिकण्याचा प्रकार सांगणाऱ्या चाचण्या आता तालुक्याच्या गावांपर्यंत आल्या आहेत, आणि त्यांचे पैसेही भरपूर घेतात. ठशांचा आणि शिकण्याचा असा संबंध शास्त्राने दाखवलेला नाही. ते पैसे चांगल्या टेबल-दिव्यावर घाला.

मग माणसामाणसांत फरक नाहीच का? आहे, आणि चांगलाच आहे. कुणाला आधीचं किती येतं, घरात कोणती बोली चालते, नजर कशी आहे, झोप किती होते, वावरातून आल्यावर अंगात किती त्राण उरतं, या सगळ्यांतून तो येतो. हे फरक मोजता येतात.

पायरी १ : डोळे, कान आणि वाचन तपासून घ्या

‘फळ्यावरचं याच्या डोक्यात जात नाही, सांगितलं की लगेच कळतं’ अशी ख्याती असलेल्या पोराला कधी कधी फळा दिसतच नसतो. चष्मा लागला की त्याचा ‘प्रकार’ बदलतो. ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत आलं की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका, आणि आपली शंका त्यांना तोंडी सांगा. कानात वारंवार पू होणाऱ्या मुलाला नीट ऐकू येतं का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

मुलगा हुशार आहे, बोलतो छान, पण पाचवी-सहावीतही अक्षरं उलटसुलट वाचतो, एक ओळ वाचायला घाम फुटतो, असं असेल तर त्याला आळशी म्हणू नका. ही अध्ययन अक्षमता असू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. मुख्याध्यापकांशी नववीतच बोला. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून हाती फारसं लागत नाही.

पायरी २ : आजवर नीट शिकलेल्या तीन गोष्टी लिहा

शाळेतल्याच असायला हव्यात असं नाही. डवरा (पिकाच्या ओळींत फिरवायचं बैलांचं औत) धरणं, शिलाई मशीन, भजनातला ठेका, कॅरम, मोबाईलवरून पीकविम्याचा अर्ज भरणं, काहीही चालेल. प्रत्येकीपुढे लिहा: कुणाकडून शिकलो, चुकलो तेव्हा चूक कशी कळली, आणि किती दिवसांच्या अंतराने पुन्हा केली. बहुतेकांच्या यादीत एक गोष्ट समान निघते. नुसतं पाहिलं किंवा ऐकलं नव्हतं, करून पाहिलं होतं आणि चूक लगेच दिसली होती. तास उलटा गेला तर बाप बांधावरून ओरडतोच. पुस्तकी अभ्यासात असं ओरडणारं कुणी नसतं. पुढच्या पायरीत ती सोय आपणच करायची आहे.

पायरी ३ : पहिला प्रयोग, वाचणं आणि आठवणं

हा भाग सावकाश वाचा, कारण सगळं यावर उभं आहे.

वीस नवीन गोष्टी निवडा. भरतीचा अभ्यास असेल तर राज्यघटनेची कलमं बरी पडतात: कलम १७ अस्पृश्यता नष्ट करणं, २१-क मोफत व सक्तीचं शिक्षण, ४० ग्रामपंचायतींचं संघटन, ३७१ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यासाठी विकास मंडळांची तरतूद. दहावीवाल्यांनी विज्ञानाच्या वीस व्याख्या घ्याव्यात. सुरू करण्याआधी कुणाला तरी ही वीस विचारायला सांगा. जी आधीच येतात ती काढून टाका आणि तेवढ्या नव्या घाला. हे टाळलंत तर शेवटी तुम्ही जुनंच ज्ञान मोजाल.

आता एकाआड एक वाटून दहा-दहाचे दोन गट करा. सोपी एकीकडे आणि अवघड दुसरीकडे जाऊ देऊ नका.

पहिला गट पंधरा मिनिटं नुसता वाचा. पुन्हा पुन्हा वाचा, खाली रेघा मारा, रोज करता तसंच.

दुसऱ्या गटालाही पंधराच मिनिटं. पण पाच मिनिटं वाचून वही बंद करायची आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. अडलं तरी दोन मिनिटं धीर धरा, लगेच वही उघडू नका. मग उघडा, चुकलेल्यावर खूण करा आणि तेवढंच वाचा. पुन्हा बंद, पुन्हा लिहा. मन कंटाळेल, ‘आपल्याला काहीच येत नाही’ असं वाटेल. वाटू द्या.

झालं की दोन्ही कागद बाजूला ठेवा आणि आठवडाभर बघू नका. मध्येच ‘येतं का पाहू’ म्हणून स्वतःला विचारू नका, कारण ते विचारणं हीच एक उजळणी होते आणि हिशेब बिघडतो. सातव्या दिवशी बहिणीला किंवा मित्राला वीसच्या वीस प्रश्न उलटसुलट विचारायला सांगा. कोणता प्रश्न कोणत्या गटातला, हे विचारणाऱ्याला माहीत नसलं तर उत्तम. दोन्ही गटांचे मार्क वेगळे मांडा.

आठवडा कशासाठी थांबायचं, ते २००६ सालच्या एका प्रयोगातून कळतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला. दुसऱ्याने एकदा अभ्यास करून बाकी वेळ आठवण्यात घालवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा नुसतं वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणारे ४० टक्क्यांवर आले आणि आठवणारे ६१ वर राहिले. म्हणजे वाचून उठल्या उठल्या ‘झालं पाठ’ असं जे वाटतं, ते त्या घडीपुरतं खरंही असतं, आणि म्हणूनच फसवतं. परीक्षा मात्र त्या घडीला नसते.

गाडगेबाबांच्या कीर्तनाची रीतही अशीच सांगतात. बाबा एकटेच बोलत नसत. समोरच्या माणसांना प्रश्न टाकत आणि उत्तर त्यांच्या तोंडून काढत. ऐकणाऱ्याला स्वतः बोलावं लागलं की ते त्याचं होतं, हे बाबांना कुणा प्रयोगाने सांगायची गरज पडली नव्हती.

एका फेरीवर निकाल लावू नका. दहापैकी एका-दोन मार्कांचा फरक नशिबानेही पडतो. आणखी दोन फेऱ्या वेगळ्या विषयावर करा, आणि कोणता गट आधी घ्यायचा ते दर वेळी बदला, नाहीतर ताज्या डोक्याचा फायदा एकाच पद्धतीला मिळत राहील.

पायरी ४ : आता आपल्यापुरते प्रश्न

माझा अंदाज असा, की पहिल्या प्रयोगात जवळजवळ सगळ्यांना आठवूनच जास्त मार्क पडतील. इथे माणसामाणसांत फरक थोडा असतो. तो वाढतो पुढच्या जोड्यांत. एका वेळी एकच जोडी घ्या, बाकी सगळं सारखं ठेवा. रीत तीच, दहा-दहा प्रश्न आणि सातव्या दिवशी परीक्षा.

पहाटे की रात्री? विदर्भात याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो तेव्हा दुपारी पत्र्याखाली बसून कुणाच्याच डोक्यात काही जात नाही. तेव्हा पहाटेची दुपारशी तुलना करण्यात अर्थ नाही, रात्रीशी करा. आणि रात्री लाईन जाते ती वेळ ठाऊक असेल तर ती आठवण्यासाठी राखा. अंधारात वाचता येत नाही, आठवता येतं.

लिहून की बोलून? काहींना बोलून आठवणं लिहिण्याइतकंच पुरतं आणि निम्म्या वेळात होतं. तसं निघालं तर रोजचा बराच वेळ वाचेल, म्हणून ही जोडी नक्की तपासा.

एकट्याने की गटात? गटात बसून मजा येते. मार्क येतात का, ते वहीला विचारा. चौघांत एकच जण सांगतो आणि तिघे माना हलवतात, असा गट असेल तर शिकतो तो सांगणारा. पाळी लावा.

व्हिडिओ की पुस्तक? व्हिडिओ न थांबवता पाहणं आणि दर पाच मिनिटांनी थांबवून वहीत आठवून लिहिणं, खरी तुलना या दोघांत करा. व्हिडिओ वाईट नाही. तो वाहत जातो आणि आपण सोबत वाहतो, एवढीच अडचण.

गणिताची जोडी वेगळी. एका प्रकारची वीस गणितं सलग सोडवायची, की शेकडेवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग मिसळून? २००७ मध्ये डग रोरर आणि केली टेलर यांनी विद्यार्थ्यांकडून घनफळाची गणितं दोन्ही रीतींनी करून घेतली. सरावाच्या वेळी सलग करणारे पुढे होते. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा त्यांना २० टक्के आणि मिसळून करणाऱ्यांना ६३ टक्के मिळाले. कारण उघड आहे. भरतीच्या पेपरात गणितावर ‘हे नफा-तोट्याचं’ अशी पाटी नसते, कोणती रीत लावायची हे ओळखण्यातच अर्धं गणित असतं. नवीन प्रकार शिकताना मात्र आधी चार-पाच एकाच जातीची सोडवा, मग मिसळा.

पायरी ५ : बोलीतून पुस्तकात

खेड्यातल्या पोरांच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी पायरी ही आहे, आणि शहरी प्रश्नावल्यांत ती नसते. घरात वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोलामी, कोरकू किंवा गोरमाटी. शाळेत पुस्तकी मराठी. आणि अकरावी सायन्सला गेलं की इंग्रजी. धडा कळला नाही असं पोरगं म्हणतं, तेव्हा खूपदा कल्पना कळलेली असते आणि शब्द अडलेले असतात. कधी याच्या बरोबर उलट होतं. व्याख्या घडाघडा येते, अर्थ शून्य.

दोन्ही ओळखायला एक परीक्षा आहे. धडा वाचून झाला की पुस्तक बंद करा आणि आजीला किंवा धाकट्या भावाला आपल्या बोलीत समजावून सांगा. ‘झाड उन्हात आपलं जेवण सोताच रांधते. हवा घेते, मुळातून पाणी घेते, हिरव्या पानात तयार करते.’ असं सांगता आलं, तर प्रकाशसंश्लेषण कळलं. नाही आलं, तर व्याख्या कितीही पाठ असो, ती घोकंपट्टी आहे.

मग वहीचं पान उभं तिघांत दुमडा. पहिल्या भागात बोलीतलं वाक्य, दुसऱ्यात पुस्तकातलं, तिसऱ्यात पुढे लागणारा इंग्रजी शब्द देवनागरीत: फोटोसिंथेसिस, क्लोरोफिल, ग्रॅव्हिटेशन. रोज पहिला भाग उघडा ठेवून बाकीचे दोन झाका आणि आठवा. चार दिवसांनी उलट करा. पेपर प्रमाण मराठीतच लिहायचा आहे, तेव्हा बोलीवर थांबून भागत नाही. पण तिला वगळून थेट पुस्तकावर उडी मारली तर पाय घसरतो. बोलीत बोलल्याबद्दल वर्गात हसू होतं म्हणून पोरं गप्प बसतात. म्हणून हे काम घरी करायचं.

पायरी ६ : हातचं काम शिकायचं असेल तर

शिवणकाम, मोबाईल दुरुस्ती, ठिबकमधून खत सोडणं. इथे ‘मी पाहून शिकतो’ हा समज फार महागात पडतो. २०१८ साली मायकेल कार्डास आणि एड ओब्रायन यांनी दाखवलं, की एखाद्या कौशल्याचा व्हिडिओ वीस वेळा पाहणाऱ्यांचा ‘मला जमेल’ हा भरवसा वाढतो, प्रत्यक्ष जमणं वाढत नाही. कटोरी ब्लाऊज शिकणाऱ्या बाईने व्हिडिओ एकदा पाहावा, बंद करावा आणि जुन्या वर्तमानपत्रावर माप टाकून कापावं. मुंढ्याची गोलाई चुकली, तर व्हिडिओचा तेवढाच तुकडा पुन्हा पाहावा. कापडाला हात लावायचा तो कागद तीनदा नीट कापला गेल्यावरच.

हातांनी शिकणं ही ‘अभ्यासात मागे असणाऱ्यांची’ सोय आहे, असं काही शिक्षकही बोलतात. वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेतून गांधीजींचा नई तालीमचा, म्हणजे हातकामातून शिकवण्याचा, विचार पुढे आला, आणि झाकिर हुसेन समितीने हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण उभं करणारा आराखडा दिला. त्यात हातांनी शिकणारी पोरं वेगळी काढून त्यांच्याच हाती टकळी द्या, असं कुठे नव्हतं. सूत सगळ्यांनीच काढायचं, आणि सुताच्या हिशेबातून गणितही सगळ्यांनीच शिकायचं.

महिन्याअखेर वही कशी वाचायची

शेवटच्या पानावर एक तक्ता करा: विषय, पद्धत, वेळ, जागा, सातव्या दिवसाचे मार्क. शेजारी आणखी एक रकाना ठेवा, ‘तेव्हा मला किती येतं असं वाटलं होतं’. दहापैकी अंदाज त्याच दिवशी लिहून ठेवायचा असतो. हा अंदाज आणि खरे मार्क यांतलं अंतर पाहून बरेच जण चमकतात. ज्या पद्धतीत अंदाज मोठा आणि मार्क कमी, ती तुमची लाडकी पद्धत असण्याची शक्यता दाट आहे.

उत्तर ‘मी अमुक प्रकारचा’ असं एका ओळीचं येणार नाही. ते असं काहीसं येईल: इतिहास बोलून आठवला तरी चालतो, व्याकरण लिहूनच, गणित मिसळून पहाटे, गटात फक्त प्रश्न विचारायला बसायचं. विषय बदलला किंवा दहावीची अकरावी झाली, की एक फेरी पुन्हा करून घ्या.

वेचणीच्या दिवसांत

दिवाळीच्या आसपास कापूस फुटला की वही उघडायला सवड राहत नाही. तेव्हासाठी मोबाईलवर आपल्याच आवाजात प्रश्न रेकॉर्ड करून ठेवा. प्रश्न बोला, सहा-सात सेकंद गप्प राहा, मग उत्तर बोला. मधली शांतता महत्त्वाची. त्या वेळात पऱ्हाटीच्या ओळीत उभं राहून उत्तर स्वतः द्यायचं, ओठ हलवून. ती नसेल तर तो नुसता रेडिओ होतो. एका फाईलमध्ये पंधरा-वीस प्रश्न पुरे, आणि जुन्या दोन फाईली आठवड्यातून एकदा फिरवून ऐका. इअरफोनची एकच बोंडी कानात घाला, म्हणजे कुणी हाक मारली किंवा गवतात काही सळसळलं तर कळेल. फवारणीच्या दिवशी आणि मोटारसायकलवर हे अजिबात नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधा आपण पाहिल्या आहेत. पंप पाठीवर असताना लक्ष वाऱ्याच्या दिशेकडे आणि तोंडावरच्या फडक्याकडेच पाहिजे.